तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस

२४ मार्च १९७६ च्या पहाटे अर्जेंटिनाच्या लष्करानं राष्ट्राध्यक्ष इसाबेल पेरॉन यांना हटवलं, संसदेला टाळं ठोकलं आणि तिन्ही दलांचे प्रमुख देशाच्या सातबाऱ्यावर आपापली नावं चढवायला बसले. भूदलाचे व्हिडेला, नौदलाचे मासेरा, हवाई दलाचे अगोस्ती. भूदल केवढं, हवाई दल केवढंसं! पण वाटा सारखा, तेहेतीस-तेहेतीस टक्के. उरलेला एक टक्का बहुधा जनतेचा असावा.

गृहखातं भूदलाला, परराष्ट्र नौदलाला, न्याय हवाई दलाला. (न्याय तसाही हवेतच होता.) अर्थखातं मात्र मुलकी गृहस्थाकडे, हिशेब कोणाला तरी यायला हवा. टीव्हीसुद्धा वाटून घेतला: ९ नंबरचं चॅनल भूदलाचं, ११ हवाई दलाचं, १३ नौदलाचं. संसदेच्या जागी नऊ अधिकाऱ्यांची समिती, दर दलाचे तीन. जुंटा, म्हणजे असं लष्करी सत्तामंडळ, म्हटलं की आपल्याला एक पोलादी मूठ दिसते. इथं तिघे एकमेकांच्या मुठीत काय आहे ते बघण्यात गुंतले होते. तेव्हा सत्तेवर अंकुश नव्हता असं कोणी म्हणू नये. तिघांचा तिघांवर चोख होता.

माणसं उचलण्याचा कारभारही ज्याचा त्याचा. नौदलाची छळछावणी त्याच्याच यांत्रिकी प्रशालेत, ब्युनोस आयर्स शहरात. १९७८ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला ते मैदान तिथून जवळच. आया मुलांचा पत्ता विचारत दारोदार फिरल्या; कुठल्याच दारात उत्तर मिळालं नाही. पुढे सरकारी आयोगानं बेपत्ता माणसांच्या जवळपास नऊ हजार नोंदी केल्या. मानवी हक्क संघटना तीस हजार म्हणतात.

वाटणी मोडली ती लोकांच्या कळवळ्यानं नव्हे. जून १९८२ मध्ये ब्रिटनशी फॉकलंडचं युद्ध हरले आणि नौदल व हवाई दल जुंटातून चालते झाले. पराभवात हिस्सा कोण मागणार? भूदलानं एकट्यानं आपला माणूस राष्ट्राध्यक्ष केला.

मग लोकशाही आली, खटला चालला. ९ डिसेंबर १९८५ ला निकाल लागला. न्यायालयानं एकत्रित जबाबदारी मानली नाही. ज्या दलाचे गुन्हे, त्या दलाच्या प्रमुखाच्या माथी. व्हिडेला आणि मासेरा यांना जन्मठेप. सत्तेत बरोबरीचा तिसरा हिस्सा घेतलेल्या अगोस्तींना साडेचार वर्षं.