डार्सीचा ओला सदरा

इंग्लंडमधील चेशायर परगण्यातील लाइम या जहागिरीवर ली घराणे सुमारे साडेपाचशे वर्षे नांदले आणि १९४६ साली ती ‘नॅशनल ट्रस्ट’ या वारसास्थळे जपणाऱ्या धर्मादाय संस्थेकडे गेली. परंतु बीबीसीच्या १९९५ मधील मालिकेत जेन ऑस्टिनच्या कादंबरीचा नायक डार्सी तळ्यात डुंबून ओल्या सदऱ्यानिशी तेथे अवतरला आणि ही सारी शतके फिकी पडली. १८१३ च्या मूळ कादंबरीत ही डुबकी नाहीच. शिवाय मालिकेतील डार्सीच्या प्रासादाचा दर्शनी भाग लाइमचा, तर आतली दालने डर्बीशायरमधील सडबरी हॉलची असल्याने या धनिकाला (उत्पन्न वर्षाला दहा हजार पौंड!) उंबरठा ओलांडताच परगणा बदलावा लागे. तात्पर्य, कुलवृत्तांतकारांना जे साधले नाही ते वेशभूषाकाराने एका सदऱ्यात साधले.