४८ तासांचे नाना

जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, पण नाना अजून नगरचेच. असे नाना श्रीरामपुरात असतात, संगमनेरात असतात, पाथर्डीत तर एकाच गल्लीत दोन असतात आणि त्यांचं आपसांत पटत नाही. साखर कारखान्यातून निवृत्त, आणि भिंतीवर पोरानं पुण्याहून पाठवलेला मोठा टीव्ही. त्यावर फुकट दिसणारे शेकडो सिनेमे सोडून नाना मुद्दाम भाड्याचा घेतात. पैसे न टाकता पाहिलेल्या पिच्चरला नावं ठेवणं त्यांना लग्नात फुकट जेवून आमटीला नावं ठेवण्यासारखं वाटतं.

ही सवय व्हीसीआरच्या काळातली. १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास टीव्ही रंगीत झाला आणि मागोमाग तालुक्यातालुक्यात व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. गणपतीत, बारशाला, नाहीतर कारखान्याचा पट्टा पडला की वर्गणी काढायची, टीव्ही-व्हीसीआर आणायचा आणि एका रात्रीत तीन पिच्चर उडवायचे. आणायला अर्थातच नाना. लूनावर. मागे बसलेल्या पोराच्या मांडीवर व्हीसीआर, हँडलला कॅसेटींची पिशवी. (लूना नगरच्याच कायनेटिकच्या कारखान्यातली, हे नाना आजही मध्येच सांगतात. सांगू द्यावं.) पडद्यावर मुंग्या आल्या की खिशातली कोरी नोट काढून हेडवर घासायचा मानही त्यांचाच. पहिला पिच्चर बायकांसाठी, देवाचा किंवा रडण्याचा. दुसरा मारामारीचा. तिसऱ्याला अख्खी गल्ली आडवी व्हायची आणि जागे एकटे नाना. त्यामुळे त्या काळातल्या असंख्य तिसऱ्या पिच्चरांबद्दल नाना सांगतील तेच खरं मानावं लागतं. त्यातून सकाळी मशीन परत करायचं, म्हणून शेवट फास्ट फॉरवर्ड. कित्येक नायकांची लग्नं नानांनी धावतपळतच उरकलेली पाहिली आहेत.

आता मोबाइलवरून भाडं भरलं आणि सिनेमा सुरू केला की बहुतेक ठिकाणी ४८ तास मिळतात. हे ४८ तास नाना सुतकासारखे पाळतात. पहिल्या दिवशी स्वतः पाहायचा, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना बोलवायचं, म्हणजे माणशी खर्च उतरतो.

मागं त्यांनी ‘ओपनहायमर’ घेतला. तीन तासांचा.

“कसा आहे, नाना?”

“बोलतंय. लई बोलतंय. बॉम्ब एकदाच फोडला.”

“पण विषय मोठा आहे.”

“आहे ना. त्यात ते गीता वाचतंय. आता गीता मराठीत फोडून सांगितली कुठं? नेवाशाला. कोणत्या जिल्ह्यात?”

नानांच्या समीक्षेचं खरं सूत्र हे. सिनेमा हॉलिवूडचा असो की हैदराबादचा, मध्यंतराच्या आत तो नगर जिल्ह्याच्या हद्दीत आला पाहिजे. गीतेवरून ज्ञानेश्वरी, ज्ञानेश्वरीवरून ‘प्रभात’चा १९४० चा ‘संत ज्ञानेश्वर’, आणि त्यात ज्ञानेश्वर कोण? शाहू मोडक. जन्म नगरचा, घर ख्रिस्ती, आणि पडद्यावर कृष्ण झाला तर बायका पडद्याला हात जोडायच्या. “तुमच्या त्या नोलनला म्हणावं, असा माणूस आण.” खलनायकाची तर चर्चाच नको. कुणीही डोळे वटारले की नाना हळहळतात, “आमचे अमरापूरकर पाहिजे होते.” मग १९८३ च्या ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी, १९९१ च्या ‘सडक’मधली महाराणी, आणि खलनायकासाठीचा पहिला फिल्मफेअर नगरच्या माणसाला मिळाला, हे सगळं ओघानं येतं. तोवर शेजाऱ्यांचा चहा होऊन जातो.

‘सैराट’च्या वेळी जरा अडचण झाली होती. नागराज मंजुळे जेऊरचे, जेऊर करमाळ्याचं, करमाळा सोलापूर जिल्ह्यात. नानांनी तीन मिनिटं विचार केला. “शिकला कुठं? नगरला. अन् जेऊर आपल्या नगर तालुक्यातबी आहे.” प्रकरण मिटलं.

त्यांना उगाच हसू नये. तारे देणाऱ्या समीक्षकांपेक्षा नानांची कसोटी मला जास्त भरवशाची वाटते. ऐन पिच्चरमध्ये लाइट जाते, आणि आमच्याकडे ती जातेच. अंधारात सगळे “आरं आरं” करून ओरडले तर पिच्चर चांगला. कुणी नुसतंच “पाणी भरून घेतलं का गं?” म्हणालं तर पडला. ‘ओपनहायमर’ला लाइट गेली तेव्हा काकू उठून दळणाचा डबा शोधायला लागल्या. निकाल तिथंच लागला. नाना मात्र अंधारात टीव्हीसमोर तसेच बसून होते, कारण बॉम्ब अजून फुटायचा होता आणि घड्याळ चालूच होतं.

लाइट आली चार तासांनी. तोवर मुदत संपली होती. नानांनी लगेच पुण्याला फोन लावला.

“कंपनीला कळव, आपल्याकडं चार तास लाइट नव्हती. तेवढे वाढवून दे म्हणावं.”

“नाना, असं नसतं हो.”

“नसतं कसं? लायब्ररीवाला द्यायचा की.”