चौपदरी मास्तर

मुळशी तालुक्यात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गुंठा काय भावानं पडला?" आमच्या मास्तरांचा पहिला प्रश्न वेगळा. ते समोरच्याचा हात हातात घेतात, मान जराशी तिरकी करतात आणि विचारतात, "खालचा सा लागतो का हो तुम्हाला?" माणूस गोंधळून "अं?" म्हणतो आणि मास्तरांचं काम होतं. त्या एका 'अं'वरून त्यांनी त्याची जात ओळखलेली असते. त्यांच्या लेखी जाती चारच. बायकांत सोप्रानो आणि आल्टो, पुरुषांत टेनर आणि बास. दाखल्यावर काय लिहिलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

मला त्यांनी लिफ्टमध्ये गाठलं. नाट्यसंगीत गुणगुणायची सवय असल्यामुळे मी उंच आवाजाचा आहे, असा माझा चाळीस वर्षांचा समज होता. दुसऱ्या मजल्यावर मी 'अं' म्हटलं. तिसऱ्या मजल्यावर मास्तर, डॉक्टरनं साखर निघाल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "बास."

"पण मी तर..."

"बास. घाबरू नका, पथ्य पाळलं की पुष्कळ वर्षं जातात."

मास्तर मूळचे नगरचे. मिशन कंपाउंडात वाढले, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केली आणि दर रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गायले. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशात पिरंगुटला दोन खोल्या घेतल्या आणि पहिल्याच महिन्यात सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावली, 'चौपदरी कामासाठी माणसे हवीत. शनिवारी संध्याकाळी क्लब हाउसमध्ये भेटावे.' शनिवारी बावीस जण आले. अठरा जणांच्या हातात सातबारा होता. पौड रस्ता रुंद होणार म्हणून आधीच तालुक्याची झोप उडालेली. त्यात 'चौपदरी' हा शब्द वाचल्यावर मोबदला किती हाच प्रश्न असणार. मास्तरांनी गायनाचं प्रयोजन सांगितल्यावर सतरा जण उठून गेले. अठरावे, गावातल्या भजनी मंडळाचे तात्या, मात्र बसून राहिले. ते म्हणाले, "आलोच आहे तर ऐकून जातो."

मास्तरांच्या भिंतीवर दोन तसबिरी आहेत. एक जर्मनीत जन्मून लंडनला स्थायिक झालेला हॅन्डल, डोक्यावर भला मोठा केसांचा टोप. दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. या दोघांचं एका भिंतीवर जमणं सोपं नाही. हॅन्डलनं १७४१ साली अवघ्या चोवीस दिवसांत 'मसाया' लिहिला. चार आवाजांचा वृंद, व्हायोलिनं, ट्रम्पेट, टिंपनी असा सगळा सरंजाम. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढची चोवीस वर्षं मराठी ख्रिस्ती माणसाला अभंग, भजन आणि कीर्तनाकडे वळवलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो, असं ते सांगत. मराठी चर्चमध्ये आजही 'उपासना संगीत' उघडलं की टिळक भेटतात. मास्तर सकाळी टिळकांसमोर पेटी घेऊन बसतात आणि संध्याकाळी हॅन्डलसमोर हातवारे करतात. "वडील एका गावचे आणि आई दुसऱ्या गावची," ते म्हणतात, "तुम्ही काय एकाच आजोळी जेवलात का?"

पहिल्या तालमीला त्यांनी मसायातल्या 'हालेलुया'चे कागद वाटले. पाश्चात्त्य लिपी कुणाला येत नाही म्हणून त्यांनी खाली देवनागरीत डो-रे-मी लिहिलं होतं. प्रत्येक कागदाला खाकी पुठ्ठा, श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीची खूण. तात्यांनी चष्मा चढवला.

"डो म्हणजे आमचा सा ना?"

"तोच."

"मग एका ओळीखाली चार ओळी कशाच्या?"

"चार आवाजांच्या. प्रत्येकाची चाल वेगळी."

"एकाच गाण्याला चार चाली? मग त्यांतली खरी कोणती?"

"चारही खऱ्या."

तात्यांनी कागद दूर धरला, जवळ धरला. "आमच्या सातबाऱ्यावर पण चार नावं आहेत," ते म्हणाले. "चौघंही खरे. कोर्टात आहे."

तात्यांची अडचण खरी होती. आपल्याकडे गायचं म्हणजे पुढच्याच्या मागे जायचं. बुवांनी एक चरण टाकला की मागच्या चाळीस जणांनी तो तसाच उचलायचा. ज्याचा सूर वेगळा लागला त्याला टाळकरी कोपरानं ढोसतात. मास्तरांच्या गाण्यात उलटं. शेजाऱ्याच्या सुरात गेलात की गुन्हा. पहिले तीन महिने तालीम अशी चालायची की चारही गट चार वाटांनी निघायचे आणि दहाव्या मात्रेला सगळे बिनबोभाट सोप्रानोच्या दारात जमायचे. आल्टोच्या बायका कानात बोट घालून गायच्या. तरीही त्यांतल्या एकीनं तक्रार केलीच, "मास्तर, सोप्रानोला चाल आणि आम्हाला नुसता उरलासुरला सूर?" आमच्या बासमध्ये एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. त्यांचं दुःख आणखी खोल. "ओळभर एकच सूर धरायचा, मास्तर? यापेक्षा कॅशला बसणं बरं होतं."

"बास म्हणजे पाया, साहेब."

"पाया बिल्डर दाखवत नाही, फ्लॅट दाखवतो."

टेनर कुठल्याही क्वायरमध्ये कमीच मिळतात. मास्तरांना मात्र हे मान्य नाही. त्यांचा सिद्धांत असा की महाराष्ट्र ही टेनरांची खाण आहे. ते फक्त चुकीच्या धंद्यात आहेत. वासुदेव टेनर, भाजीवाला टेनर, कीर्तनकार टेनर. एका सकाळी पिरंगुट फाट्यावर वडापच्या जीपला लटकून एक पोरगा "चांदणी चौक, कोथरूड डेपोऽऽ" असं ओरडत होता. मास्तर जीपमध्ये बसले, चांदणी चौकापर्यंत गेले आणि त्याच जीपनं परत आले. खिशातून सूर लावायची पट्टी काढून त्यांनी तपासलं होतं. 'डेपो'तला 'पो' प्रत्येक वेळी त्याच सुरावर पडत होता. पोरगा त्या शनिवारपासून टेनरमध्ये आला. तो अजूनही हालेलुया म्हणताना एक हात हवेत धरतो, जीपचा दांडा असल्यासारखा.

तरी आवाज वेगळे राहीनात. मास्तर खचत चालले होते. तेवढ्यात सोसायटीची वार्षिक सभा आली आणि त्यांना साक्षात्कार झाला. विषय पाण्याचा होता. मुळशी धरण आमच्याच तालुक्यात. त्याच्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. ते पाणी वीज करायला घाट उतरून कोकणात जातं आणि आम्ही टँकरची वाट बघतो. त्या सभेत ए विंग टँकरचा दर मांडत होती, बी विंग बोअरचा, सी विंग सेक्रेटरीच्या राजीनाम्याचा आणि डी विंग पार्किंगचा. चौघं एकाच वेळी, वरच्या पट्टीत, दुसऱ्याचं अक्षर न ऐकता. सेक्रेटरी घामाघूम झाले होते. कोपऱ्यात मास्तर मात्र डोळे मिटून मांडीवर ताल देत बसले होते, चेहऱ्यावर अपार समाधान.

दुसऱ्या शनिवारी त्यांनी क्वायर मोडली आणि विंगनिहाय बसवली. आवाजाची जात सांभाळली, पण शक्य तिथं शेजारी शत्रू दिले. पार्किंगच्या भांडणातले दोघे, एक टेनर आणि एक बास, खांद्याला खांदा लावून. चमत्कार झाला! दोघांतला एकही दुसऱ्याच्या सुरात जायला तयार होईना. गाताना आपण कधी नव्हे ते एकमतानं वागतो आणि सभेत कधीच नाही. मास्तरांनी सभा उचलून गाण्यात आणली, एवढंच.

मग वाद्यवृंद. व्हायोलिनांची जागा कीबोर्ड शिकणाऱ्या मुलीनं भरली. ट्रम्पेटसाठी लग्नाच्या बँडमधला एक वादक पकडला. डिसेंबरातल्या लग्नसराईत तो वरात संपवूनच तालमीला यायचा आणि पहिली दहा मिनिटं हॅन्डल नागीण डान्सच्या अंगानं जायचा. टिंपनीऐवजी गावच्या पथकातला ढोल. ढोलवाल्या पोराला वाजवण्यापेक्षा थांबायचंच जास्त, हे कळल्यावर तो रडकुंडीला आला. "एवढं थांबायचं तर मला बोलावलं कशाला?" मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाळा, वाजवणारे पुण्यात हजारो आहेत. मोजून थांबणारा एक तरी होऊ दे."

तालमीच्या मधे चहा. सगळे उशिरा येतात हे मास्तरांचं एकमेव कायमचं दुःख, आणि ते चहासोबतच वाटलं जातं. "१८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या मागे ग्रामण्य लागलं. माझ्या चहाला प्रायश्चित्त एकच. पुढच्या शनिवारी वेळेवर या."

नाताळच्या आदल्या शनिवारी कार्यक्रम झाला. १७४२ साली डब्लिनला मसाया पहिल्यांदा झाला तेव्हा जागा पुरावी म्हणून बायकांनी घेरदार झग्याखालच्या कड्या घालू नयेत आणि पुरुषांनी तलवारी आणू नयेत, अशी विनंती केली होती. मास्तरांनी दारावर लिहिलं, 'हेल्मेट बाहेर ठेवावे. खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरू नये.' तरी क्लब हाउस तुडुंब भरलं. तात्यांचं अख्खं भजनी मंडळ पहिल्या रांगेत मांडी घालून. त्यात तात्यांचे कोर्टातले धाकटे भाऊही.

टिळकांच्या भजनानं सुरुवात झाली, टाळ-मृदंगावर, आणि ते सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. मग पांढरी दोनमध्ये हालेलुया. चारही आवाज आपापल्या वाटेनं निघाले आणि कोणी कोणाच्या दारात गेलं नाही. ट्रम्पेटला वरात आठवली नाही. मी माझा एकच सूर धरून होतो आणि पहिल्यांदाच मला कळलं की बाकी तिघं त्याच्यावर उभे आहेत. मॅनेजरसाहेबांनाही कळलं असावं. त्यांची मान ताठ झाली.

या गाण्यात एक भयानक जागा आहे. सगळं शिगेला पोचतं आणि शेवटच्या संथ हालेलुयाआधी अचानक संपूर्ण शांतता. त्या विरामात हमखास कुणीतरी एकटा चुकून गातो. मास्तरांनी आम्हाला सहा महिने धमकावलं होतं. दोन्ही हात वर, डोळे वटारलेले. आम्ही थांबलो. ढोलवालासुद्धा थांबला. एकही आवाज चुकला नाही.

आम्ही थांबलो, पण पहिली रांग कशी थांबेल? एवढं चढलेलं गाणं अचानक गप्प झालं, याचा भजनी माणसाच्या दृष्टीनं एकच अर्थ. तात्यांच्या धाकट्या भावानं पुंडलिकाच्या नावानं गजर उचलला आणि अख्ख्या सभागृहानं विठ्ठलाच्या नावानं तो पुरा केला. टेनरमधून तात्यांनीसुद्धा.

मास्तरांचे हात वरच होते. गजर संपला, त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि हात सावकाश खाली आणले. शेवटचा हालेलुया उतरला.

कार्यक्रमानंतर समाचाराला जावं तसा मी जपून त्यांच्याकडे गेलो. हॅन्डलचा कागद मांडीवर होता. विरामाच्या जागी पेन्सिलीनं काहीतरी लिहिणं चाललं होतं. मी वाकून वाचलं, 'श्रोते : गजर. पांढरी दोन.' आणि पुढे, सहा महिन्यांत आमच्यापैकी एकाच्याही वाट्याला न आलेला शेरा होता, 'वेळेवर.'