चांद्र साबण : विधी आणि पथ्यं

साबण करायला बसण्याआधी पंचांग बघावं. वजनकाटा घरात नसला तर शेजारून मागून आणता येतो, तिथी आणता येत नाही.

शास्त्र सोपं आहे. शुद्ध पक्षात चंद्र वाढतो, म्हणून त्या पंधरवड्यात ओतलेला साबण कांती वाढवतो. वद्य पक्षात चंद्र घटतो, म्हणून तेव्हाचा साबण डाग, मुरुमं, मळ घटवतो. टक्कल पडू लागलेल्यांनी वद्य पक्षातली वडी डोक्याला लावू नये. वडीची किंमत मात्र बारा महिने शुद्ध पक्षातच असते.

तिथी सूर्योदयाला कोणती होती, हे लिहून ठेवावं. तिथी कधी एकोणीस तासांत आटोपते, कधी सव्वीस तास रेंगाळते. क्षयतिथी तर सूर्योदय न बघताच निघून जाते, त्यामुळे त्या वेळच्या साबणाच्या वेष्टनावर काय छापायचं याचा निर्णय होत नाही. लखनौला माल पाठवणार असाल तर लेबलं वेगळी करावीत. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणजे आपल्या भाद्रपद वद्यातली वडी तिकडे उतरेपर्यंत आश्विनातली झालेली असते.

चंद्र समुद्र हलवतो, मग पातेलं का हलवणार नाही, असं गिऱ्हाईक विचारतं. जरूर हलवतो. किलोभर मिश्रणाच्या वजनात त्याच्या ओढीने साधारण मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढा फरक पडतो. आपला काटा एका ग्रॅमखाली काही दाखवत नाही, हा काट्याचा दोष.

आता साहित्य. खोबरेल अर्धा किलो, पाणी १८० ग्रॅम आणि जिचं नाव वेष्टनावर कधी येत नाही ती वस्तू, कॉस्टिक सोडा. एवढ्या खोबरेलाचा पुरता साबण व्हायला सुमारे ९१ ग्रॅम सोडा लागतो. पण नुसत्या खोबरेलाची वडी कातडी कोरडी करते, म्हणून ७५ ग्रॅमवर थांबावं. उरलेलं तेल वडीत तसंच राहतं आणि अंगाला लागतं. सोडा पाण्यात थोडा थोडा घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं घ्यावं. अ‍ॅल्युमिनियमला सोडा खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. हातमोजे आणि चष्मा हवाच, खिडकी उघडी हवी, पोरं स्वयंपाकघराबाहेर हवीत. पाणी बघता बघता कढत होतं, वाफ नाकाला झोंबते. एवढी दहा मिनिटं चंद्राकडे बघू नये, पातेल्यात बघावं.

हे सोडापाणी निवल्यावर तेलात घालून ब्लेंडर फिरवत राहायचं. मिश्रणावर धार सोडली की तिची रेघ क्षणभर टिकली पाहिजे. मग साच्यात ओतावं आणि ‘रसायनमुक्त’ असा शिक्का तयार ठेवावा.

वनस्पती घालताना गिऱ्हाइकाला आधी सावध करावं. हिरवीगार कडुलिंबाची पूड काही आठवड्यांत खाकी होते. हळद तर पातेल्यातच लालसर होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातलाच हा प्रकार, पण विचारणाऱ्याला ‘पौर्णिमेचा गुण’ असं सांगितलं तर वडीमागे पन्नास रुपये जास्त मिळतात. दूध घातलेलं मिश्रण तापलं की तांबूस होतं. त्याला कोजागरी म्हणावं.

खरी परीक्षा दिवाळीची. चंद्राशी बांधलेली आपली जुनी आंघोळ एकच, नरक चतुर्दशीची. पहाटे चंद्रोदयाला चतुर्दशी असेल तो दिवस धरून अभ्यंगस्नान करायचं. त्यात तेल आणि उटणं लागतं, साबण नंतर येऊन बसला. पण तो हरकतीचा मुद्दा उत्पादकाने काढू नये. अडचण वेगळीच आहे. वडी चांगली सुकून कडक व्हायला सहा आठवडे द्यावे लागतात. आश्विन वद्य चतुर्दशीपासून सहा आठवडे मागे मोजा, थेट पितृपक्षाच्या तोंडाशी येता. त्या पंधरवड्यात कोणी नवी वस्तूही विकत घेत नाही, साबणाचा श्रीगणेशा कुठला! घटस्थापनेला ओतावा तर जेमतेम चार आठवडे हाती राहतात, आणि ओलसर वडी पाटावर ठेवली की पहिल्याच आंघोळीत अर्धी विरघळते.

म्हणजे उरले गणपतीचे दिवस. घरात सोवळं, ओट्यावर मोदकांची उकड, अशा वेळी कॉस्टिक सोड्याचं पातेलं आत येऊ देणारी सासू कुठल्याच पंचांगात सापडत नाही. तेव्हा सगळा पसारा घेऊन गच्चीवर जावं. फक्त चतुर्थीची संध्याकाळ टाळावी. त्या दिवशी चंद्र बघितला की चोरीचा आळ येतो म्हणतात, आणि शंभर ग्रॅमच्या वडीला साडेतीनशे रुपये लावणाऱ्याने तो धोका पत्करू नये.