‘काही होत नाही’वाल्या बंगलेमालकांस खुले पत्र

माननीय बंगलेमालक,



कर्जतजवळच्या आपल्या बंगल्यावर आम्ही तीन कुटुंबं मुलाबाळांसह राहून आलो. ‘प्रायव्हेट पूल, मोठी वॉटर स्लाइड आणि झणझणीत मिसळ’ अशी आपली जाहिरात होती. त्यातली मिसळ खरोखर चांगली होती. उरलेल्या दोन गोष्टींबद्दल आपलं कौतुक करायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र. फोनवरच सांगणार होतो, पण डिपॉझिटचा विषय निघाल्यापासून आपण फोन उचलत नाही.

पहिली दाद आपल्या काटकसरीला. आपली वॉटर स्लाइड म्हणजे हवेने फुगवलेली घसरगुंडी. तिच्यात हवा भरणारा ब्लोअर एक्स्टेन्शन बोर्डावर चालत होता. बोर्ड पूलच्या काठावर, ओल्या शहाबादी फरशीवर. वायरीला मध्येच एक जोड आणि त्या जोडावर दुधाची रिकामी पिशवी गुंडाळलेली. आपल्या केअरटेकर दादांना विचारलं, तर म्हणाले, “पिशवी बांधलीय ना, काही होत नाही.” २३० व्होल्टला दुधाच्या पिशवीचा एवढा धाक असतो, हे आम्हाला नवीनच होतं. आम्ही आपले जुन्या समजुतीचे. ब्लोअर पाण्यापासून निदान साडेतीन मीटर लांब असावा, वायर अखंड असावी आणि मीटरपाशी विजेची गळती ३० मिलिअँपिअर झाली की पुरवठा तोडणारी आरसीसीबी असावी, असं आम्हाला वाटायचं. आपल्या मीटरपाशी अगरबत्तीचं घर होतं. सुरक्षेची ती व्यवस्था आम्ही नाकारत नाही.

दुसरी दाद बांधकामाला. घसरगुंडीला दोर बांधायच्या सहा कड्या होत्या. त्यातल्या दोन वापरात होत्या. एकीचा दोर मोगऱ्याच्या कुंडीला, दुसरीचा प्लास्टिकच्या खुर्चीला. युरोपातले नियम करणारे भित्रे दिसतात. किमान सहा ठिकाणी आवळून बांधा आणि वारा ताशी ३८ किलोमीटरच्या वर गेला की वापर बंद करा, असं ते सांगतात. फरशीत खुंट्या ठोकता येत नाहीत हे कबूल. पण २०० लिटरचा ड्रम पाण्याने भरला की दोनशे किलोचा होतो, आणि पाणी तर आपल्याकडे पूलभर होतं.

वजनमर्यादेचा छापील तक्ताही होता. त्यावर आपण बंगल्याच्या नावाचा स्टिकर चिकटवला होता, इन्स्टाग्रामच्या पत्त्यासकट. योग्यच केलंत. पाहुण्यांनी आपल्याला फॉलो करावं. किलो कशाला मोजत बसावेत?

मग दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरवर घरातले पंखे चालू राहिले, आपले सीसीटीव्ही चालू राहिले, ब्लोअर तेवढा बंद पडला. या जातीच्या घसरगुंडीचे सांधे शिवलेले असतात. त्यातून हवा सारखी निसटते आणि ब्लोअर ती सारखी भरत राहतो. वीज गेली की थोड्याच वेळात अख्खा डोलारा खाली बसतो. त्या क्षणी आमच्यातले नव्वद किलोचे एक काका अर्ध्या वाटेवर होते. ते कापडाच्या घड्यांत अडकले. पाय पाण्यात, पाठ काठाच्या दगडावर. पाय पुढे ठेवून बेताने उतरत होते म्हणून नुसत्या खरचटण्यावर निभावलं. दादांनी धीर दिला, “लाइट आली की परत उभी राहते.” माणसाच्या मणक्याचंही तसंच असतं, असं आपण त्यांना सांगून ठेवलेलं दिसतं.

तसं नसतं, साहेब. २००६ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका घरच्या पूलवर २९ वर्षांची एक आई अशाच घसरगुंडीवरून डोकं पुढे करून घसरली. खालची हवा दबली, डोकं पूलच्या काँक्रीटच्या काठावर आपटलं आणि ती गेली. ‘टॉइज आर अस’ या खेळण्यांच्या बड्या कंपनीने तो माल आयात करून विकला होता. पूलच्या घसरगुंडीने ३५० पौंड, म्हणजे सुमारे १५९ किलो पेललेच पाहिजेत, असा तिथला नियम १९७६ पासूनचा. हा नियम टणक घसरगुंड्यांचा, हवेच्या नव्हे, असा युक्तिवाद कंपनीने केला. तो टिकला नाही. २०११ मध्ये ज्यूरीने दोन कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठोठावली आणि २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मधल्या काळात, २०१२ साली, तशा सुमारे २१ हजार घसरगुंड्या बाजारातून परत मागवल्या गेल्या.

आपल्या जाहिरातीच्या रीलमध्ये मात्र एक तरुण पोटावर, डोकं पुढे करून सूर्रकन येतो. सूर मारायला नऊ फूट पाणी हवं, असं अमेरिकन रेड क्रॉस सांगतं. आपला पूल साडेचार फुटांचा. तो तरुण शूटिंगनंतर कसा आहे, कळवाल का?

आपल्याला परदेशी दाखले पचत नसतील, तर गावच्या जत्रेत जा. तिथला जम्पिंगवाला पोरामागे वीस-तीस रुपये घेतो. पण तो ब्लोअरशेजारून हलत नाही, मोठ्यांना चढू देत नाही, पोरांच्या चपला आणि पिना काढायला लावतो. वारा सुटला की आधी पोरं खाली उतरवतो. आपण रात्रीचे वीस हजार घेता आणि घसरगुंडीपाशी माणूस म्हणून दादांना ठेवता. त्यांच्याकडे त्याच वेळी मिसळ, चादरी आणि गेटही असतं. दोष त्यांचा नाही. एका माणसाला चार ठिकाणी उभं करणाऱ्याचा आहे.

घसरगुंडी ठेवायचीच असेल, तर जाड पीव्हीसीची घ्या. शिवण दुहेरी आहे का, आधी बघा. मोठी माणसं चढणार असतील, तर त्यांचं वजन पेलते असं बनवणाऱ्याने लिहून दिलेलीच निवडा. खाली जाड ताडपत्री अंथरा, काठाच्या दगडावर गादी टाका. एका वेळी एकच जण, बसून, पाय पुढे. पहिला पाण्यातून बाजूला झाल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. वीज गेली की शिट्टी वाजवून सगळ्यांना खाली आणणारा माणूस सतत हजर पाहिजे. हे जमत नसेल, तर हवा काढा, वाळवा, घडी करा आणि माळ्यावर टाका. आपली मिसळ एकटीही धंदा ओढेल.

कळावे,
आपला
डिपॉझिटच्या प्रतीक्षेतला एक पाहुणा

ता. क. वाचकांसाठी : पूलवाला बंगला बुक करताना अॅडव्हान्स पाठवण्याआधी तीनच गोष्टी विचारा. लाइट गेल्यावर घसरगुंडीचं काय होतं? ती कशाला बांधली आहे? तिच्यापाशी कोण उभं असतं? उत्तर ‘काही होत नाही’ असं आलं, तर दुसरा बंगला बघा.