लष्कराच्या भाकऱ्या

निवृत्तीनंतर मी मराठी विकिस्रोतावर, म्हणजे जुनी पुस्तकं सगळ्यांना फुकट वाचायला ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, पुस्तकं तपासायला बसू लागलो, तेव्हा चहाचा कप ठेवता ठेवता हिनं विचारलं, "पैसे किती देतात?" काहीच नाही म्हटल्यावर "लष्कराच्या भाकऱ्या!" एवढंच म्हणून ती आत गेली. 'घरचं खाऊन' हे शब्द तिनं भिडेखातर गाळले असावेत.

लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की आपल्या कायद्यानं त्याची पुस्तकं मोकळी होतात. साने गुरुजी १९५० साली गेले. २०११ उजाडलं आणि त्यांचं लेखन कुणीही छापावं, वर्गात वाटावं, असं खुलं झालं. पण पुस्तक खुलं होणं वेगळं आणि एखाद्या पोराच्या मोबाइलवर नीट उमटणं वेगळं. मधे पानांच्या फोटोतली अक्षरं ओळखणारं यंत्र असतं. जुन्या छपाईपुढं त्याला 'घ' आणि 'ध' सारखेच दिसतात, 'भ'चा 'म' होतो, 'ख' फुटून 'रव' होतो. 'आजी भाकरी खाते' हे साधं वाक्य 'आजी माकरी रवाते' होऊन येतं. ते निस्तरायला माणसंच लागतात, तीही फुकटची.

ती गोळा करायला मी आधी भाषण केलं. ज्ञानदान, समाजाचं ऋण वगैरे. टाळ्या पडल्या, बटाटेवडे संपले, माणूस एकही आला नाही. मग एक पान सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'यात चूक सापडणं अवघड आहे.' रात्रीपर्यंत सतरा सापडल्या. दुसऱ्याची चूक दाखवायची संधी मराठी माणूस सोडत नाही, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

त्यातल्या चार चुका मात्र चुका नव्हत्याच. आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांवर बोट ठेवून 'नांव', 'गांव' यांवरचे अनुस्वार पुसून टाकले होते. मूळ छापलंय तसंच ठेवायचं असतं, हे त्यांना पटवण्यात दोन सकाळी गेल्या. तिसऱ्या सकाळी ते सगळे अनुस्वार परत घालून आले. चेहरा पडलेला, पण आले.

विकिस्रोतावर न तपासलेलं पान लाल असतं, एकदा तपासलं की पिवळं, दुसऱ्यांदा तपासलं की हिरवं. आपलंच पिवळं पान आपल्याला हिरवं करता येत नाही. त्याला दुसराच माणूस लागतो. माझी चाळीस पानं पिवळी होऊन पडली आहेत. येता का?