प्रगत कॅल्क्युलसचे पुस्तक निवडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

प्रगत कॅल्क्युलसच्या स्वयंअध्ययनाचे दोन टप्पे असतात: पुस्तक निवडणे आणि पुस्तक वाचणे. पहिला टप्पा बहुधा परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत चालतो, म्हणून येथे त्याचाच विचार केला आहे. परीक्षा नमुन्यादाखल जॅम धरली आहे. बी.एस्सी. झालेले उमेदवार आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळावा म्हणून ती देतात. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. सगळे संगणकावर आणि सिद्धता लिहायला कोठेही जागा नाही. पुस्तकांच्या दुकानात शिरताच नेमकी हीच बाब विसरली जाते.

दुकानात, उदाहरणार्थ पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात, पहिला मान वॉल्टर रुडिन यांच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिकल ॲनॅलिसिस’चा. पहिली आवृत्ती १९५३ची, तिसरी १९७६ची. आकृत्या जवळजवळ नाहीत, उदाहरणसंग्रहाची उत्तरे मुळीच नाहीत आणि सिद्धता इतक्या नेटक्या की त्या मुळात सुचल्या कशा, याचा मागमूस राहत नाही. हे पुस्तक घेतल्याने उमेदवाराची मित्रमंडळात पत वाढते. ते कितपत वाचले जाते याचा पुरावा जुन्या प्रतींत मिळतो. प्रत मिटून पानांच्या कडा पाहाव्यात: मळकट पट्टा दुसऱ्या प्रकरणात, कॉम्पॅक्ट संचांपाशी, संपतो आणि पुढे कागद कोरा करकरीत असतो. अनेक चलांचे कॅल्क्युलस नवव्या प्रकरणात आहे. जुने पुस्तक विकत घेताना किमतीआधी या पट्ट्याची रुंदी पाहावी. मागच्या मालकाने न मागता दिलेला तो अभिप्राय असतो.

मायकेल स्पिव्हॅक यांचे ‘कॅल्क्युलस ऑन मॅनिफोल्ड्स’ (१९६५) याहून धोकादायक आहे, कारण ते दीडशे पानांच्या आत आटोपते. एवढेसे पुस्तक दिवाळीच्या सुटीत संपेल, असा हिशेब उमेदवार करतो. प्रत्यक्षात एकेका पानाला एकेक संध्याकाळ लागते आणि पुढची दिवाळी येते. थॉमस यांच्या ‘कॅल्क्युलस’ची गोष्ट उलट. हजारावर पाने, रंगीत आकृत्या, विषम क्रमांकांच्या गणितांची उत्तरे मागे. उमेदवार उत्साहाने फक्त विषम गणिते सोडवतो. डेमिडोविच यांच्या रशियन संग्रहात ३,०००हून अधिक गणिते आहेत. तो घेणाऱ्याने निवृत्तीचे वय आधी तपासावे.

नावे, जाडी आणि मुखपृष्ठ बाजूला ठेवून करायची एकच खरी चाचणी आहे, आणि ती दुकानदाराचा संयम संपण्याआधी उरकता येते. क्ष आणि य यांचा गुणाकार भागिले दोघांच्या वर्गांची बेरीज, मूळबिंदूपाशी किंमत शून्य: हे फलन पुस्तकात शोधावे. दोन्ही अक्षांवर ते शून्यच असते, म्हणून मूळबिंदूपाशी दोन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह अस्तित्वात असतात आणि शून्य येतात. पण क्ष बरोबर य या रेषेवरून मूळबिंदूकडे आले की किंमत सतत अर्धा राहते. म्हणजे फलन तेथे संततसुद्धा नाही. हे उदाहरण ज्या पुस्तकात नाही ते परत ठेवावे. उदाहरण आहे पण पुढे चकार शब्द नाही, तेही ठेवावे. पार्शल डेरिव्हेटिव्ह फक्त अक्षांच्या दिशेने पाहते, बाकीच्या दिशांचा तिला पत्ता नसतो, आणि म्हणूनच अनेक चलांत डेरिव्हेटिव्हची व्याख्या रेषीय रूपांतरण म्हणून करावी लागते, एवढे जे सांगते ते पुस्तक घ्यावे. परीक्षकांना हा भाग प्रिय असतो, तेव्हा चाचणी अगदीच निरुपयोगी नाही.

या चाचणीत आयआयटी मुंबईच्या सुधीर घोरपडे आणि बाळमोहन लिमये यांची जोडी चांगली टिकते: एका चलाचा ग्रंथ २००६चा, अनेक चलांचा २०१०चा. उदाहरणसंग्रहाचे अ आणि ब असे भाग आहेत. ब भाग कठीण. तो न सोडवल्याचे कोणाला सांगण्याची गरज नाही. मलिक-अरोरा यांच्या पुस्तकात सोडवलेली उदाहरणे भरपूर असल्याने पानोपानी ‘हे तर येतेच’ असा भास होतो. तो टाळण्यासाठी उत्तरावर पोस्टकार्ड ठेवून वाचावे. पोस्टकार्ड आजकाल मिळत नसल्यास जॅमचे प्रवेशपत्र चालेल, पण ते येईपर्यंत जानेवारी उजाडतो.

पीडीएफ या प्रकाराला हे नियम लागू नाहीत. एका फोल्डरमध्ये अशी चाळीस पुस्तके असली तरी त्यांच्या कडा मळत नाहीत.

दोन पुस्तकांत निर्णय होत नसेल तर मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका उघडाव्यात. त्या जॅमच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. शोधायला दुकानात जावे लागत नाही, म्हणूनच बहुधा त्या शेवटी आठवतात. त्यातील पाच प्रश्न घेऊन दोन्ही पुस्तकांत त्यांच्यापुरती माहिती शोधावी आणि जेथे लवकर सापडेल ते पुस्तक विकत घ्यावे. दुसरे पुस्तक मित्राला घ्यायला लावावे.